कडक काय लागतं?

"मोठाच घाला की ओ दादा, ब्रेक कडक लागतोय!" कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या स्पेअरच्या काउंटरवर पोरानं आज पाऊण इंची मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की लाइनमधल्या तेलावर दाब आणतो तो) बाजूला सारला आणि ७/८ इंची पुढं केला.

कडक लागतं ते पेडल. ब्रेक नव्हे.

पायाचा जोर तेवढाच आणि बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचं, क्षेत्रफळ ३६ टक्के जास्त, म्हणजे लाइनमधला दाब पावपटीहून जास्त घटला. पेडल थोडंच खाली जातं, पायाला घट्ट लागतं, माणूस खूश. पण पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेल्या जुन्या फियाटला पुढं डिस्क बसवली की ड्रमपेक्षा जास्तच दाब लागतो.

दुसरा गिअरबॉक्स चढवलेल्या गाडीत क्लचचं उलटं. तिथं बोअर लहान पडला तर पेडल तळाला टेकूनही पलीकडं क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर पुरेसा सरकत नाही, गिअर खरखरतो.

आमचे मिस्त्री आधी व्हर्नियर काढतात, डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोजतात, मगच सिलिंडरचं नाव घेतात.

तो पोरगा वाईट नाही, ऐकलेलं सांगतोय. पण हेच ऐकून किती पोरं गाडी घेऊन आंबा घाट उतरत असतील? तुमच्या गाडीचा सिलिंडर बदलताना कुणी काही मोजलं होतं का?