काय वाचलालास सध्या?

आमच्या सोलापुरात ओळखीची दोन माणसं भेटली की आधी उन्हाचा विषय, मग पाणी कधी येणार, मग जेवण झालं का. पण आमचं एक छोटंसं टोळकं आहे, रविवारी सकाळी चहाला जमतं, तिथं बसायच्या आधीच प्रश्न येतो, काय वाचलालास सध्या? टोळकं म्हणजे बँकेतनं रिटायर झालेले एक काका, शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम, पूर्व भागात युनिफॉर्म शिवायचं युनिट असलेला माझा दोस्त आणि मी. कथा-कादंबऱ्यांशी आमचं काही वाकडं नाही, पण का कुणास ठाऊक, टेबलावर येतात ती सगळी खरीखुरी पुस्तकं. आत्मचरित्र, प्रवास, रिपोर्ताज, इतिहास असलं.

मला वाटतं कारण सोपंय. कादंबरी सुचवायची म्हणजे तोंड दाबून बोलावं लागतं, शेवट सांगू नको, तो कोण निघाला ते सांगू नको, मग उरतं काय, तर 'मस्तय, वाच' एवढंच. आणि 'मस्तय वाच' म्हटल्यावर आजपर्यंत कुणी काही वाचलेलं मी तरी बघितलं नाही. खऱ्या पुस्तकाचं उलटं असतं, त्यातली गोष्ट जितकी सांगाल तितकं समोरचा म्हणतो, दे इकडं.

आता आमचा हा दोस्त, हातात मोबाईल सोडून काही धरत नाही. त्याला गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' द्यायचं होतं. 1907 ला पहिल्यांदा छापलेलं पुस्तक, भाषा जुनी, तसं सांगितलं असतं तर त्यानं चहा अर्धा टाकून पळ काढला असता. मी फक्त एवढं सांगितलं की कोकणातल्या वरसईचा एक भटजी, डोक्यावर कर्ज, उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणारेत, दक्षिणा मिळेल म्हणून आपल्या चुलत्याबरोबर निघतो आणि जाऊन पडतो थेट 1857 च्या धुमाळीत, झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत शहरात. पुढं काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी याला राणी भेटते, दमलेली, तहानलेली, हा पाणी काढून द्यायला जातो तर ती म्हणते तुम्ही नको, मीच काढते. दोस्त म्हणला, आणि मग? मी म्हणलं, मग काय, घरी ने. आता तोच सगळ्यांना सांगत सुटलाय की बाबा कमवायला गेला, लुटला गेला आणि घरी काय आणलं तर कावडीतनं गंगेचं पाणी. काकांना त्यातला दक्षिणेचा हिशोबच जास्त आवडला, बँकेचा माणूस शेवटी.

'स्मृतिचित्रे' बद्दल तर बोलायलाच नको, लक्ष्मीबाई टिळकांच्या वडलांचं सोवळं ऐकवलं की, म्हणजे बाहेरनं आणलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही वगैरे, कुणीही हसत हसत पुस्तक घेऊन जातंय.

पण हे नेहमी हसण्यावारी जात नाही. मॅडमना मी अनिल अवचटांचं 'माणसं' दिलं होतं, निपाणीच्या तंबाखूत काम करणाऱ्या बायांबद्दल त्यात आहे एवढंच बोललो. मॅडमची आई बिड्या वळायची एवढं माहीत होतं, आपल्याकडं हजारो घरांत वळतात, त्यामुळं त्यात विशेष काय असं मला वाटायचं. पुढच्या भेटीत मॅडम पुस्तकाबद्दल काही बोलल्याच नाहीत, आईबद्दलच बोलत बसल्या, सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसायची, पानं भिजवून ठेवायची, कारखान्यात माल द्यायला गेलं की छाटाछाटीत बिड्या बाद व्हायच्या आणि त्याचे पैसे कापायचे, घरातल्या कपड्यांचा वास, सगळं. इतकी वर्षं ओळख आहे पण यातलं एक अक्षर आम्हाला माहीत नव्हतं. 'अक्करमाशी' या दलित आत्मकथनाचंही असंच, शरणकुमार लिंबाळे आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, 1984 चं पुस्तक, काकांची नोकरी त्या भागात झालेली. वाचून झाल्यावर ते म्हणले, मी त्या रस्त्यानं जीपमधनं किती वेळा गेलो असेन. पुढं बोलले नाहीत, बिल मात्र त्यांनीच दिलं.

चितमपल्लींचं नाव घेतलं नाही तर सोलापूरवाले मला गावात राहू द्यायचे नाहीत. मारुती चितमपल्ली इथलेच, जन्म इथला, सगळी नोकरी वनखात्यात, त्यातली बरीच विदर्भाकडच्या जंगलांत, 2006 ला इथल्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2025 ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' जाडजूड आहे, सलग वाचायच्या भानगडीत पडू नका, मधलं कुठलंही जंगल उघडा आणि बसा. काका ते वाचल्यापासून कंबर तलावावर फिरायला जातात आणि दिसेल त्या पक्ष्याला नाव ठेवतात, म्हणजे खरोखरचं नाव, बहुतेक चुकीचं.

एकच प्रकार आमच्यात चालत नाही, तो म्हणजे महिन्यात श्रीमंत व्हा, पहाटे उठा, मन जिंका छाप पुस्तकं. तीही नॉनफिक्शनच म्हणतात, दुकानात दर्शनी भागात तीच मांडलेली असतात, पण त्यातलं दुसऱ्याला सांगायला घ्या बरं, सांगण्यासारखा एक माणूस सापडत नाही आत.

परवा दोस्तानं नवीनच काढलं. त्याचे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला, 1877 ची मिल ती, तर आजोबांनी एका वहीत काहीबाही लिहून ठेवलंय, खात्यातलं, संपातलं, कोण कुणाशी भांडलं ते. काका उडालेच, म्हणले अरे आधी आण की, गोडशांचं तरी काय होतं, वहीच होती. दोस्त म्हणला आणतो ओ, पण ती तेलुगूत आहे. काका म्हणले, घरी तेलुगू बोलतोस की. तो म्हणला, बोलतो, वाचता कुठं येतंय, शाळा मराठीतच झाली. त्याच्या आईला जेमतेम अक्षरं लागतात म्हणे, पण तिला हे रिकामटेकडं काम वाटतं. तर सध्या त्याच्या आईला रविवारच्या चहाला कसं आणायचं यावर आमचा खल चाललाय, तेलुगू वाचणारं कुणी ओळखीत असेल तर सांगा, चहा आमच्याकडून.