कॅन भरणारे बाहेरचे, इंजिन मात्र घरचं

22 ऑक्टोबर

रेड बुल हे एनर्जी ड्रिंक आणि त्याच नावाचा फॉर्म्युला वन संघ उभा करणारे डिट्रिश मातेशित्झ 2022 साली याच तारखेला गेले, वयाच्या 78व्या वर्षी. शनिवार होता, ऑस्टिनला फॉर्म्युला वन शर्यतीची पात्रता फेरी व्हायची होती. दुसऱ्याच दिवशी रेड बुलने कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे संघांचं, विजेतेपद पक्कं केलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात जाहिरातीचंच कौतुक जास्त असतं. मला ते अपुरं वाटतं. काय स्वतःचं असावं आणि काय दुसऱ्याकडून करून घ्यावं, हे ओळखण्यात त्यांची खरी ताकद होती. पेयाच्या धंद्यात त्यांनी एक उत्तर दिलं आणि शर्यतीत नेमकं उलटं.

आधी पेय. ब्लेंडॅक्स या टूथपेस्टच्या कंपनीत मार्केटिंग करताना त्यांना थायलंडचं क्रेटिंग डेंग हे तरतरी आणणारं पेय सापडलं. 1984 मध्ये ते पेय बनवणारे चालियो यूविद्या आणि मातेशित्झ यांनी प्रत्येकी 5 लाख डॉलर घातले. दोघांचे 49-49 टक्के, उरलेले 2 चालियोंच्या मुलाचे. कारभार मात्र मातेशित्झांकडे. युरोपसाठी गोडी कमी केली, गॅस घातला. 250 मिलीच्या कॅनमध्ये 80 मिलिग्रॅम कॅफिन, 1 ग्रॅम टॉरिन आणि 27 ग्रॅम साखर. 1 एप्रिल 1987 ला ऑस्ट्रियात विक्री सुरू झाली. पण कारखाना? तो काढलाच नाही. पेय बनवून कॅनमध्ये भरायचं काम राउख या फळांच्या रसाच्या कंपनीकडे दिलं. यंत्रसामग्रीत पैसा न अडकल्यामुळे तो ब्रँडवर लावता आला.

शर्यतीतही सुरुवात तशीच झाली, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव. 1989 पासून ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर, 1995 पासून सॉबरचा संघ. या पद्धतीतली अडचण 2001 मध्ये उघडी पडली. रेड बुलला सॉबरच्या गाडीत एन्रिके बर्नोल्डी हा ड्रायव्हर हवा होता, संघाचे मालक पेटर सॉबर यांनी किमी रायकोनेनला बसवलं. रायकोनेनची निवड बरोबरच होती, पुढे तो जगज्जेता झाला. पण इतका पैसा ओतूनही गाडीत कोण बसणार हे आपल्या हातात नाही, हे मातेशित्झांना कळून चुकलं असणार.

नोव्हेंबर 2004 मध्ये त्यांनी फोर्डकडून जॅग्वारचा संघ घेतला. किंमत नाममात्र 1 डॉलर. अट अशी की तीन हंगामांत 40 कोटी डॉलर गुंतवायचे. खरी किंमत ती. संघप्रमुख म्हणून 31 वर्षांच्या ख्रिश्चन हॉर्नरना आणलं, 2006 मध्ये मॅक्लारेनकडून गाड्यांचे रचनाकार एड्रियन न्यूईंना. मिनार्डी हा छोटा संघ विकत घेऊन त्याचा टोरो रोसो केला, म्हणजे रेड बुलसाठी तरुण ड्रायव्हर घडवणाऱ्या हेल्मुट मार्कोंच्या तालमीतल्या पोरांना थेट फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली. ही तालीम निर्दय होती, कित्येक चांगले ड्रायव्हर तिने अर्ध्यावर सोडले. पण पुढे जगज्जेते झालेले व्हेटेल आणि वेर्स्टापेन तिथूनच वर आले.

मुख्य संघाची पहिली चार वर्षं एकाही विजयाविना गेली. 2008 मध्ये माँझाला व्हेटेल जिंकला तोही टोरो रोसोच्या गाडीत. एखाद्या मोटार कंपनीच्या संचालक मंडळाने एवढ्यात गाशा गुंडाळला असता. इथे मालक थांबला, आणि त्या थांबण्याचं फळ म्हणजे 2009 ची आरबी5 ही गाडी. न्यूईंनी मागचं सस्पेन्शन पुल-रॉड पद्धतीचं केलं: रॉकर (चाकाची हालचाल स्प्रिंगकडे नेणारा भाग) आणि स्प्रिंग गिअरबॉक्सच्या वरून काढून खाली नेले. गाडीची पाठ उतरती झाली, मागच्या विंगकडे हवा स्वच्छ जाऊ लागली. पण त्याच हंगामात ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्सने दुहेरी डिफ्यूझर (गाडीच्या मागच्या तळाशी बसून तिला जमिनीकडे ओढणारा भाग) आणला, 15 एप्रिलला या खेळाच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि तो बसवायला लागणारी खालची जागा रेड बुलने सस्पेन्शनला देऊन टाकली होती. तरी चारच दिवसांनी चीनमध्ये, भर पावसात, त्या डिफ्यूझरशिवाय व्हेटेल आणि संघातला त्याचा जोडीदार वेबर पहिले-दुसरे आले. पुढे 2010 ते 2013 ड्रायव्हरचं आणि संघाचं अशी दोन्ही विजेतेपदं सलग चार वर्षं यांचीच.

मधल्या काळात स्वतःच्या स्टायरिया प्रांतातला बंद पडलेला ए1-रिंग हा शर्यतीचा ट्रॅक बांधून काढला. 2011 मध्ये तो रेड बुल रिंग म्हणून उघडला, 2014 मध्ये ग्रांप्री परतली.

एक गोष्ट मात्र परक्याच्या हातात राहिली होती: इंजिन. 2014 मध्ये 1.6 लिटरचं हायब्रिड व्ही6 आलं, रेनोचं इंजिन मर्सिडीजच्या मागे पडलं, आणि चॅसी, म्हणजे इंजिन सोडून बाकीची गाडी, कितीही चांगली असली तरी सरळ पट्ट्यावर काही चालेना. 2015 मध्ये तर इंजिनच मिळेना म्हणून संघ बंद करायची भाषा झाली. 2019 मध्ये होंडा आली, गाडी पुन्हा लढू लागली, आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये होंडाने पुढच्या वर्षाअखेर निघून जात असल्याचं जाहीर केलं. या वेळी मातेशित्झांनी दुसरा पुरवठादार शोधला नाही. इंजिनांचा विकास 2022 पासून सगळ्याच संघांसाठी गोठवायचं ठरल्यावर, 2021 मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या संघाच्या आवारातच रेड बुल पॉवरट्रेन्स ही इंजिन कंपनी उभी करायला घेतली, होंडाचं तंत्रज्ञान तिथे चालू ठेवायला आणि 2026 च्या नव्या इंजिन नियमांसाठी स्वतःचं इंजिन बनवायला.