हवालदाराचं काम

येळ्ळूरच्या नाटकात गेली एकोणीस वर्षं मला एकच काम मिळतंय, हवालदाराचं. तिसऱ्या अंकात यायचं, "चला, साहेबांनी बोलावलंय" म्हणायचं आणि कुणाला तरी घेऊन आत जायचं. एका साली घामानं मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली. टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. बाकी वेळ मी पेटीवर.

म्हणून लुई द फ्युनेस या फ्रेंच नटावर माझा जीव. हा गडीही आधी वाजवणाराच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पॅरिसच्या बारमध्ये रात्र रात्र पियानो बडवून पोट भरायचा. तिशी उलटल्यावर पहिला सिनेमा मिळाला, त्यातही काम दरवानाचं! जन्मभरात सिनेमे केले शे-सव्वाशेच्या वर, पण अर्ध्याहून जास्त असलेच, आला नि गेला.

१९५६ च्या 'ला त्राव्हेर्से द पारी'मध्ये तो डुकराचं मटण काळ्या बाजारात विकणारा वाणी आहे. तळघरात व्यवहार चाललाय, शहरात जर्मन. माल पोचवायला आलेला जाँ गाबाँ, हाही फ्रेंच नटच, पैसे वाढवून मागतो, तेही वाण्याचं नाव आणि पत्ता घसा ताणून ओरडत. दर हाकेला फ्युनेस असा आकसतो, जणू अंगातलं पाणी कुणीतरी पिळून काढतंय. तेवढा तुकडा मी किती वेळा मागं घेऊन बघितला असेल!

मग १९६४. वय पन्नास. सिनेमात सँ-त्रोपे गावचा जाँदार्म झाला. म्हणजे काय, तर हवालदारच की! हाताखालच्यांवर डाफरायचं, वरचा साहेब दिसला की लोणी. लोकांनी उचलून धरलं. १९८२ पर्यंत त्या मालिकेचे सहा सिनेमे निघाले.

१९६६ चा त्याचा 'ला ग्रांद वाद्रुय' तर फ्रान्समध्ये पावणेदोन कोटींच्या आसपास तिकिटं विकून गेला. त्यात इंग्रज वैमानिक आणि फ्रेंच माणसं तुर्की हमामाच्या वाफेत शिट्टीवरून एकमेकांना हुडकतात, भाषा कुणाची कुणाला कळत नाही. आम्हा बेळगावकरांना त्यात नवल काय? कंडक्टर कानडीत, आम्ही मराठीत, आणि सुटे पैसे दोघांकडंही नाहीत.

परवा आई पदरानं चष्मा पुसत मोबाईलात डोकावली.

"ह्यो किती वरडायलाय रे! बीपी वाढंल की त्याचं."

म्हटलं, वाढलंच होतं गं. १९७५ ला हृदयानं दगा दिला, मग गावाकडच्या वाड्यात गुलाब लावत बसायचा. १९८३ त गेलाच. आणि हे चिडणं त्यानं म्हणे आपल्या आईवरून उचललेलं.

आई थोडा वेळ बघत राहिली.

"मग तू माझं बघून कर की हवालदार. जन्मभर ऐकून घेतलायस."