दोन फायली, पण जागा एकच?

रिफ्लिंकने, म्हणजे डेटा पुन्हा न लिहिता मूळ फाइलचेच तुकडे वापरून, केलेली प्रत पूर्णपणे स्वतंत्र दिसते: तिचा आयनोड (फाइल सिस्टिममधली फाइलची नोंद) वेगळा असतो आणि जागा मोजणारी 'डीयू' आज्ञाही दोन्ही फायली पूर्ण मोजते, त्यामुळे डिस्कवरची जागा खरोखर किती गेली हे त्यावरून कळत नाही. बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर ते जाणून घ्यायचे, तर लिनक्स कर्नलला फायमॅप या विनंतीद्वारे विचारावे लागते. फाइलचा प्रत्येक एक्स्टेंट, म्हणजे सलग तुकडा, कोणत्या पत्त्यावर सुरू होतो, किती लांब आहे आणि त्यावर कोणत्या खुणा आहेत, हे त्यातून समजते.

एक्सएफएसवर मी एकाच एक्स्टेंटच्या फाइलची अशी प्रत काढली, तिच्या मधोमध फक्त 4096 बाइट बदलले आणि एक्स्टेंटची यादी ओळीओळीने दाखवणाऱ्या 'फाइलफ्रॅग'ने पाहिले. एका ओळीच्या तीन झाल्या होत्या. पहिल्या व तिसऱ्या ओळीपुढे 'शेअर्ड' (सामायिक) ही खूण होती, मधल्या चिमुकल्या तुकड्याला मात्र नवा पत्ता मिळाला होता.

ही खूण तुकडा आणखी कुठेतरी वापरात आहे एवढेच सांगते. वाटेकरी कोण, ते नाही. तो एखादा जुना स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या स्थितीची जपलेली प्रतही असू शकतो. म्हणून दोन्ही फायलींचे पत्ते आणि लांबी ताडून पाहणे हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो. त्यातही जपावे लागते: अगदी लहान फायलींचा मजकूर बीटीआरएफएस मेटाडेटातच (फायलींविषयीच्या नोंदींतच) ठेवतो आणि पत्ता शून्य दाखवतो, तेव्हा दोन शून्ये जुळली म्हणून डेटा सामायिक ठरत नाही. नुकतेच लिहिलेले डिस्कवर उतरलेले नसेल, तर पत्ताच ठरलेला नसतो. म्हणून तपासणीआधी 'सिंक' करून ते डिस्कवर उतरवावेच.