एमबीए, पण कशात?

एमबीएला नंबर लागला म्हटल्यावर सांगलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "कशात कराय लागलीस?" प्रवेशाच्या अर्जात या प्रश्नाला जागाच नसते. अर्ज भरतो तो नुसत्या एमबीएचा. मार्केटिंग, फायनान्स, एचआर की ऑपरेशन्स (म्हणजे माल मागवणं, बनवणं, ठेवणं आणि पोचवणं यांचं नियोजन), हे कॉलेजात गेल्यावर ठरतं. आत्याला हे काही केल्या पटेना. तिला वाटत होतं मी काहीतरी लपवतेय. मामाने तर परस्पर निकाल लावला होता, "कॉमर्सची पोरगी म्हणजे फायनान्सच. बँकेत चिकटून जाईल." शेजारच्या काकूंना एचआर पसंत होतं, कारण काय तर मुलींना बरं पडतं. एचआरमध्ये दिवसभर काय करतात, हे त्यांना माहीत नव्हतं आणि तेव्हा मलाही नव्हतं.

प्रवेशाचा भाग पटकन उरकते. सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीचे गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर काही ना काही टिचकी मारायचीच. ७५ प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे असतात, २५ आकृत्यांचे, गणित आणि इंग्रजी पन्नास-पन्नास. बी. कॉम. करून आलेल्यांना गणिताची धास्ती असते, पण वेळ खातात ती गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांची कोडी. मी ती शेवटी ठेवायची सवय लावून घेतली. जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुण्याचं पुम्बा हवं असेल तर पर्सेंटाइल नव्याण्णवच्या वर लागतो. माझा ८० च्या घरात होता, त्यामुळे ती नावं बाजूला ठेवून मी पुण्यातल्या खासगी कॉलेजांची यादी घेऊन बसले.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम लावताना बहुतेक जण नाव आणि फी बघतात. मी फी बघितलीच, कारण अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि घरात कमावणारे तेवढेच. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती कॉलेजागणिक बरीच वेगळी असते. कॅपमधून प्रवेश घेतला आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून माझ्या वेळी ट्यूशन फी निम्मी व्हायची. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत मिळत नाही. प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला मिळून लागणारे कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि शिवाजी विद्यापीठातून पुण्याला जायचं म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट. हा शेवटचा कागद सगळे विसरतात. कोल्हापूरला एक खेप झाली, पण वेळेत झाली.

क्रम लावताना मी अजून एक गोष्ट केली, ती मात्र ज्याला त्याला सांगते. यादीतल्या कॉलेजांना फोन करून विचारलं, "तुमच्याकडे ऑपरेशन्सला मागच्या वर्षी किती मुलं होती?" माहितीपत्रकात सगळ्यांकडेच पाच-सहा स्पेशलायझेशन छापलेली असतात. प्रत्यक्षात मुलं जमली तरच ती चालतात. दोन ठिकाणी फोनवरच्या मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की इथे मार्केटिंग, फायनान्स आणि एचआरच चालतं, बाकीचं कागदावर. ती दोन्ही मी खाली ढकलली.

ऑपरेशन्सच का, हा प्रश्न पुढे मला इतक्या वेळा विचारला गेला की उत्तर पाठ झालं. घरात रात्री जेवताना चालणारी बोलणी मालाचीच असायची. हळद आत्ता विकावी की ठेवावी? ठेवली तर गोदामाचं भाडं किती, गुंतलेल्या पैशांचं व्याज किती आणि वजनात घट किती? भाडं, व्याज, घट हे तीन शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून हळद ठेवायची जुनी रीत आहे, त्यांना पेव म्हणतात. तोंड मातीने बंद केलं की आत हवा राहत नाही, कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. तेव्हा कोणाचा किती माल बुडाला, याची चर्चा मी मोठी होईपर्यंत घरात चालूच होती. ठेवलेल्या मालाला खर्च असतो आणि धोकाही असतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. फायनान्सला माझा विरोध नव्हता, पण आकडे दिसले की मला त्यामागचं पोतं बघायचं असतं.

पुणे विद्यापीठाच्या आमच्या वेळच्या अभ्यासक्रमाची एक गंमत सांगितली पाहिजे. पहिल्या सत्रात मॅनेजेरियल अकाउंटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेवियर, अर्थशास्त्र, रिसर्च मेथड्स, मार्केटिंगची तोंडओळख असे विषय. दुसऱ्या सत्रात फायनान्शियल मॅनेजमेंट, एचआर आणि ऑपरेशन्स यांचे मूळ पेपर. आणि स्पेशलायझेशनचे विषयही दुसऱ्याच सत्रात सुरू! म्हणजे ऑपरेशन्सचा पहिला धडा वर्गात होण्याआधी ऑपरेशन्स हवं की नको ते लिहून द्यायचं. मार्केटिंगची निदान तोंडओळख झालेली असते, इतरांचं नावच ऐकलेलं. मुंबई विद्यापीठात एमएमएस (तिथलं एमबीएच्या तोडीचं शिक्षण) करणारी माझी मैत्रीण दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर निवडणार होती, चारही विषय शिकून आणि समर इंटर्नशिप करून आल्यावर. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मग मुलं निवडतात कशावरून? होस्टेलवर चालणाऱ्या चर्चेवरून. सीनियर सांगतात, "फायनान्सला पॅकेज चांगलं." कोणाचं, कुठे, कोणत्या पदावर, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. मी आणि माझ्या रूममेटने सीनियरांना गाठून वेगळाच प्रश्न विचारायला सुरुवात केली: "सकाळी अकरा वाजता तू काय करत असतोस?" एका फायनान्सवाल्याने सांगितलं की तो बँकेच्या शाखेत बसून खातेदारांना विमा आणि म्युच्युअल फंड विकतो. एचआर घेतलेली एक ताई दिवसभर उमेदवारांना फोन लावायची. मार्केटिंगवाला बिस्किटांच्या वितरकाबरोबर दुचाकीवरून दुकानं फिरत होता आणि त्यात मजेत होता. रूममेटला बोलायची हौस. तिने त्या दिवशीच मार्केटिंग नक्की केलं आणि तिला ते छान मानवलं.

ऑपरेशन्सचा अर्ज दिला तेव्हा खरी अडचण आली. आमच्या वर्गात ते मागणारे जेमतेम मूठभर निघाले. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, "इतक्या कमी संख्येवर आम्हाला बॅच चालवता येणार नाही. मार्केटिंग मेजर, म्हणजे मुख्य, घ्या, ऑपरेशन्स मायनर, म्हणजे जोडीला, करा." मला म्हणाले, "आणि तू तर कॉमर्सची. हे मेकॅनिकलवाल्यांचं काम आहे." राग आला, पण त्यांच्या बोलण्यातून वाट सापडली. आमच्या बॅचमध्ये मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन इंजिनिअर झालेली बरीच मुलं होती आणि त्यातल्या बहुतेकांनी फायनान्स भरलं होतं. चहाच्या टपरीवर त्यांना एकेकाला धरलं. "चार वर्षं मशीन शॉप शिकलास, चाकण-रांजणगाव तासाभरावर आहे, आणि तू बी. कॉम. आणि सीए इंटर झालेल्यांशी फायनान्सच्या मुलाखतीत झगडणार?" माझ्याबरोबर धुळ्याचा एक मुलगा होता, तो माझ्यापेक्षा गोड बोलायचा. आठवडा संपता संपता यादी पुरेशी लांब झाली आणि बॅच सुरू झाली. मी मायनर म्हणून बिझनेस अनॅलिटिक्स घेतलं. एक्सेलच्या पलीकडे मला काही येत नव्हतं आणि कारखान्यात आकडे कागदावर नसतात, सिस्टिममध्ये असतात, हे सीनियरांकडून कळलं होतं.

दुसरं सत्र संपलं की आठ आठवड्यांचं समर प्रोजेक्ट. आमचा बराचसा वर्ग ओळखीतून कुठल्यातरी कंपनीचं सर्टिफिकेट आणायच्या खटपटीत होता. मला चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा मिळाली. स्टायपेंड बसभाड्यापुरता. स्टोअरचे इन्चार्ज पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिले काही दिवस त्यांनी मला नुसतं बघायला लावलं: ट्रक आला की चलन तपासायचं, माल मोजायचा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करायचा, क्यूसीने, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांनी, पास केला की रॅकवर, नापास झाला तर लाल पट्टीच्या पिंजऱ्यात. जुना माल आधी बाहेर गेला पाहिजे, पण हेल्पर हाताला येईल तो खोका उचलतो. रॅकची मांडणीच अशी पाहिजे की हाताला जुनाच येईल. पुस्तकातलं फिफो ते हेच.

माझं प्रोजेक्ट होतं साठ्याचं. आधी एबीसी करून घेतलं, म्हणजे वर्षभराच्या खरेदीच्या रकमेप्रमाणे वस्तूंची उतरंड लावली. थोड्याशाच वस्तू पैशांचा मोठा वाटा खातात आणि त्यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असतंच. गोंधळ होता तो खालच्या स्वस्त वस्तूंत: वॉशर, क्लिप, रबरी बुशिंग. "स्वस्त आहे, एकदम मागवून ठेवा," असा तिथला शिरस्ता. एक क्लिप वर्षाला १२,००० लागायची आणि काका वर्षातून दोनदा ६,००० मागवायचे.

किती मागवावं याचं सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलं. वर्षाची गरज, एका ऑर्डरमागचा खर्च आणि एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, एवढंच लागतं. तो शेवटचा आकडा कारखान्यात कोणाकडेच तयार नव्हता. मी भाडं, व्याज, घट या हिशोबाने काढला. घटीच्या जागी गंजलेले आणि हरवलेले नग धरले. नगामागे ३ रुपये आले. ऑर्डरमागे फोन, कागदपत्र, वाहतूक आणि तपासणी धरून ५०० रुपये. सूत्रात घातल्यावर उत्तर आलं २,०००. मी खुशीत काकांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "म्याडम, खोका ७५० चा येतो. दोन हजार कसे मागवू?"

पुन्हा बसले. दोन खोके म्हणजे १,५००, तीन म्हणजे २,२५०. २,००० प्रमाणे वर्षाचा खर्च, ऑर्डरींचा आणि सरासरी निम्मा साठा ठेवायचा मिळून, ६,००० रुपये होता. २,२५० ने तो ६,०४२ च्या आसपास. वर्षाला ४२ रुपयांचा फरक! दोन खोक्यांनी ६,२५०. आणि काकांच्या पद्धतीने, ६,००० च्या ऑर्डरने, १०,०००. सूत्राच्या नेमक्या उत्तराच्या आसपास कुठेही राहिलं तरी फारसं बिघडत नाही, लांब गेलं की मात्र दणका बसतो. पुस्तकात हा आलेख होता. तळाशी सपाट असलेली ती रेघ मी परीक्षेसाठी काढलीही होती. तिचा उपयोग काय, हे चाकणला कळलं. काका म्हणाले, "मग तीन खोके. हे आधी सांगायचं ना." आणि तशा स्वस्त वस्तूंची आख्खी यादी त्यांनी माझ्यासमोर टाकली. सगळ्यांचं गणित बसलं नाही. काही वस्तूंचा पुरवठादार एकटाच होता आणि तो मनात येईल तेव्हा माल द्यायचा. तिथे सूत्र बाजूला ठेवून जास्तीचा साठा ठेवणंच शहाणपणाचं, कारण एवढ्याशा क्लिपसाठी उत्पादनाची लाइन थांबली तर होणारं नुकसान वर्षाच्या भाड्यापेक्षा मोठं असतं.

प्रोजेक्टच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कॉमर्सचा विषय काढलाच. मी त्यांना नगामागचे ३ रुपये कसे काढले ते सांगितलं आणि मग ते अकाउंटिंगमध्येच रमले.

दुसऱ्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. असाइनमेंट, अंतर्गत गुणांसाठी प्रेझेंटेशन, आणि प्रेझेंटेशनमध्ये दुसऱ्याची स्लाइड वाचून दाखवणारे भिडू. प्लेसमेंटला आधी बँका आणि विमा कंपन्या आल्या. त्यांनी स्पेशलायझेशन विचारलंच नाही, कारण पद विक्रीचं होतं. टपरीवर पटवून आणलेल्या इंजिनिअरांपैकी दोघे तिथेच गेले, सुरुवातीचा पगार माझ्यापेक्षा जास्त घेऊन. कारखाने उशिरा आले आणि थोडे आले. ऑपरेशन्स घेणाऱ्याने हे धरूनच चालावं. शेवटच्या सत्रात होस्टेलवर सगळे पेढे वाटत असताना आपण रांजणगावच्या बसची वाट बघत उभे असतो.

मला घेतलं त्या कंपनीच्या मुलाखतीत तिघे होते. प्लँट हेडनी रेझ्युमे उलटा ठेवला आणि विचारलं, "स्टोअरमध्ये काय केलंस?" मी क्लिपची गोष्ट सांगितली, ४२ रुपयांसकट. ते म्हणाले, "आणि पुरवठादार एकटाच असेल तर?" पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. आता मी तिथे प्लॅनिंगमध्ये आहे. सकाळी अकरा वाजता मी काय करते म्हणाल, तर दुसऱ्या पाळीला कोणता भाग कमी पडणार आहे ते बघून पुरवठादारांना फोन लावते. म्हणजे फोन एचआरवाल्या ताईइतकेच. मामा अजूनही विचारतो, "बँकेत कधी लागणार?"