राउंडचा वेळ, नोंद 3: ग्रीनवरची गळती

गोल्फचा राउंड लवकर कसा संपवायचा, याच्या मागच्या दोन नोंदींत टी (होलचा पहिला शॉट मारायची जागा) आणि फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) उरकले. आता ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गळतो आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आधी हिशेब. चौघे, प्रत्येकी 90 शॉट, म्हणजे 360. दर शॉटमागे 10 सेकंद वाचले तर 3,600 सेकंद, अख्खा एक तास. हातभर अंतराच्या पुटमध्ये (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवणारा हलका शॉट) 10 सेकंद वाचवायला जागाच नसते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. पाय उचलून चालण्यात मात्र एवढी बचत नाही. धापा टाकत बॉलपाशी पोचलं की पुढचा शॉट झुडपात जातो आणि कमावलेलं सगळं शोधण्यात जातं.

मोजताना घड्याळ कधी सुरू करायचं हे ठरवून घ्या. आपली पाळी आली आणि अडथळा, व्यत्यय काही उरला नाही, तिथून. गोल्फच्या नियम 5.6 मध्ये 40 सेकंदांची शिफारस आहे आणि त्याहून लवकर खेळता येतं, असंही तिथेच म्हटलंय. ग्लोव्ह चढवणं, अंतर बघणं, क्लब निवडणं हे त्याआधी आटपलेलं हवं.

ग्रीनवर बसलेल्या सवयी अशा. बॅग किंवा ट्रॉली पुढच्या टीच्या बाजूला उभी करायची. ग्रीनच्या अलीकडे ठेवली की होल संपल्यावर उलटं चालत यावं लागतं आणि मागचा गट ताटकळतो. बॉल मार्क करून (जागी खूण ठेवून उचलून) पुसणं आणि लाइन, म्हणजे बॉलची होलपर्यंतची वाट, वाचणं दुसरा पुट करत असतानाच, त्याच्या लाइनवर किंवा नजरेत न येता. होलच्या पलीकडून बघायचंच असेल तर ग्रीनवर येता येता बघून घ्या; पाळी आल्यावर प्रदक्षिणा नको. पुट चुकून मीटरभर उरला तर लगेच संपवा. मार्क करून बाजूला व्हायचं आणि परत येऊन पुन्हा स्टान्स (शॉटसाठी पाय रोवून उभं राहणं) घ्यायचा, यात एका पुटला दोन पुटांचा वेळ जातो. दुसऱ्याच्या लाइनवर पाय पडणार असेल तरच थांबा. स्कोअर पुढच्या टीवर लिहायचा.

पिनचं (होलमधल्या झेंड्याच्या काठीचं) गाडं अजून अडतंय. 2019 पासून ग्रीनवरून केलेला पुट होलमधल्या पिनला लागला तरी दंड नाही, पण एकाला ती आत हवी असते, दुसऱ्याला बाहेर, आणि काढ-घाल सुरू होते. त्यापेक्षा लांबचे पुट पिन आत ठेवून खेळा. एकदा काढली की त्या होलपुरती बाहेरच. सगळ्यांनाच आत चालत असेल तर उत्तम.

पाळीबद्दल: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजायचा प्रकार) जो तयार तो खेळेल, याला नियमांचं उत्तेजनच आहे. मॅच प्लेमध्ये (होलगणिक हारजीत) पाळी सोडून मारलेला शॉट प्रतिस्पर्धी रद्द करू शकतो, तेव्हा आधी एकमेकांशी ठरवून घ्या. स्टेबलफर्डमध्ये (दर होलला गुण मिळणारा प्रकार) त्या होलवर गुण मिळणं शक्य नसेल तर बॉल उचला. हे सांगावं लागतं याचंच नवल.

हरवलेल्या बॉलसाठी 2019 पासून 3 मिनिटं आहेत. आधी 5 होती. चौघांनीही लगेच शोधात उतरू नये: दोघांनी शोधायचं, उरलेल्या दोघांनी आधी आपापले शॉट मारून मग मदतीला यायचं. शंका असेल तर टीवरच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास वापरायचा तात्पुरता बॉल, खेळा, आणि तसं मोठ्याने सांगा. 'दुसरा मारतो' एवढंच म्हटलं तर तोच बॉल खेळात येतो, एका स्ट्रोकच्या दंडासह, आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो.

पुढच्या नोंदीत बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. तोवर एवढं करून बघा: बॉलच्या जवळच्या सखल कडेने आत उतरा, रेक (वाळू सारखी करायची दंताळी) हाताच्या टप्प्यात ठेवा, आणि त्याच वाटेने वाळू सारखी करत बाहेर या.