रात्रभराच्या तपासणीत सापडलेली एकच संख्या

३२ बिटांत मावणारी, म्हणजे ४२९४९६७२९६ पेक्षा लहान असलेली, कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात मिलर आणि राबिन यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी २, ३, ५ आणि ७ हे चार पाये घेऊन केली जात असे. या चाचणीत पाया म्हणून घेतलेल्या लहान संख्येचे ठरावीक घात काढून त्यांना तपासायच्या संख्येने भागतात; बाकी मूळ संख्येला साजेशी (जसे अधिक एक किंवा उणे एक) आली, तर ती संख्या त्या पायापुरती मूळ ठरते. हे चार पाये पुरेसे आहेत याची खात्री करण्यासाठी ४२९४९६७२९६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या एराटोस्थेनिसच्या चाळणीने, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जाऊन, काढून दोन्ही उत्तरे ताडून पाहण्याचे काम मी संगणकाला लावले आणि घरी गेलो. सकाळी नोंदींत एकच ओळ होती : ३२१५०३१७५१. माझा प्रोग्राम तिला मूळ म्हणत होता, चाळणी संयुक्त म्हणत होती.

चूक माझ्याच कोडमध्ये असणार असे धरून मी गुणाकाराची प्रत्येक पायरी पुन्हा तपासली. काही सापडले नाही. मग लहान मूळ संख्यांनी भाग देत गेलो आणि १५१ ने भागल्यावर बाकी शून्य आली. ती संख्या १५१ × ७५१ × २८३५१ होती. चाळणी बरोबर होती, आणि माझा कोडही चाचणी जशी सांगते तसाच चालत होता. पोमेरान्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या १९८० सालच्या शोधनिबंधात हीच संख्या भेटली : २५ अब्जांच्या आत या चारही पायांना चकवणारी ती एकमेव संयुक्त संख्या आहे.

असे का होते, हे समजून घेण्यात दुपार गेली, आणि ती दुपार मला फार मोलाची वाटते. तिन्ही अवयवांतून एक वजा केल्यावर १५०, ७५० आणि २८३५० उरतात. या तिघांनीही ३२१५०३१७५० ला निःशेष भाग जातो आणि प्रत्येक भागाकार विषम येतो. त्यामुळे पायाचा १६०७५१५८७५ वा (म्हणजे ३२१५०३१७५० च्या निम्म्याइतका) घात काढून प्रत्येक अवयवाने भागला, की बाकी अधिक एक किंवा उणे एक एवढीच येऊ शकते. तिन्ही अवयवांकडून एकच चिन्ह आले, तर पूर्ण संख्येने भागल्यावरही तीच बाकी येते, मूळ संख्येला यावी तशी, आणि चाचणी फसते. २ आणि ५ या पायांसाठी तिघेही अधिक एक देतात, ३ आणि ७ साठी तिघेही उणे एक. अवयवांना २४ ने भागून पाहिले तर तिन्ही वेळा बाकी ७ येते, आणि तिघांचाही शेवटचा अंक १ आहे. एवढ्यावरूनच २, ३ आणि ५ यांचे एकमत स्पष्ट होते.

त्या एकाच संख्येसाठी कोडमध्ये अपवाद लिहावा, असे माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी सुचवले. मी मात्र ११ हा पाचवा पाया घेतला, कारण तिथे ७५१ आणि २८३५१ उणे एक देतात, तर १५१ अधिक एक देतो आणि एकमत मोडते. त्या रात्री तपासणी पुन्हा लावली. सकाळी नोंदी कोऱ्या होत्या.